मुकुल माझ्याकडे, नरसिंग तुमच्याकडे

लातूरची माणसं मनाच्या डॉक्टरकडे नांदेडला जातात आणि नांदेडची माणसं लातूरला. जिन्यात ओळखीचं कुणी भेटू नये, एवढ्यासाठी. चाकूर, अहमदपूर, लोहा असे धक्के खात एसटीत बसायचं, पोराच्या ओकाऱ्या पिशवीत झेलायच्या, पण आपल्या गावातल्या डॉक्टरचा जिना चढायचा नाही. सौदामिनी मॅडम, तुम्हीही असाच विचार केला होता. फरक एवढाच की तुम्ही कारने आलात.

दार उघडलं तेव्हा मी नुकतीच ओळख करून देऊन बसले होते. मी आरती. राहणार मुदखेड. हा मुलगा नरसिंग, तिसरीत. या सासूबाई, केवळाबाई.

मुदखेड खोटं. आम्ही किल्लारीच्या बाजूचे, शेतीवाले. नरसिंगच्या इंग्रजी शाळेसाठी लातुरात एक खोली भाड्यानं घेतली. मी आणि सासूबाई तिथे, नवरा गावाकडे शेतात.

मग तुम्ही आलात. मागे तुमचे मिस्टर, रेणुकादास सर, आणि दोघांच्या मधे हाताला हिसके देत तुमचा मुलगा, मुकुल. तुम्ही मला पाहिलंत. मग छताच्या पंख्याकडे पाहिलंत. मग बसलात आणि म्हणालात,

"मी सौदामिनी. उदगीर. गृहिणी."

गृहिणी! जिच्या चपलेचा आवाज आला की अख्खा व्हरांडा तोंडावर बोट ठेवतो, ती गृहिणी. लातूरच्या ज्या शाळेतून माझ्या नरसिंगला दिवाळीनंतर काढलं, त्या शाळेची मुख्याध्यापिका गृहिणी.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर माझं मुदखेडही उघडं पडलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की तोंड उघडलं असतं तर हसूच बाहेर पडलं असतं.

इथे काय चालतं

नांदेडात दाताच्या दवाखान्याच्या वर एक हॉल. दर रविवारी गोल मांडलेल्या खुर्च्या. मारणारी, चावणारी, वस्तू फोडणारी, काही केल्या न ऐकणारी मुलं आणि त्यांची घरं. डॉक्टर मुग्धा मुलाला एकट्याला आत घेत नाहीत. अख्खं घर यायचं आणि बाकीच्या घरांसमोर बसायचं. त्या म्हणतात, घरातल्या सवयींना गाठ बसलेली असते. आपली गाठ आपल्याला दिसत नाही, शेजाऱ्याची लगेच दिसते.

आतलं बाहेर बोलायचं नाही, हा पहिला नियम. ओरडायचं नाही. आणि मूल एवढंसं जरी बरं वागलं तरी ते ताबडतोब, नाव घेऊन, मोठ्यानं सांगायचं.

"आन् वाईट वागलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणाला लागत नसेल तर बघायचंच नाही, आजी."

"आस्सं. म्हंजे मी लई वाईट वागत हुते. आमच्या मालकानं जलमभर माझ्याकडं बघितलंच न्हाई."

देगलूरचे गुरुबसप्पा हसून हसून खोकायला लागले. त्यांचं किराणा दुकान. त्यांची मुलगी भाग्यश्री गिऱ्हाइकाला चावली होती, म्हणून ते आलेले. "रोखीचं गिऱ्हाईक हो, अक्का," ते मला म्हणाले, "उधारीवाल्याला चावली असती तर मी कशाला हितं आलो असतो?"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या खुर्चीखाली मुकुल तुमच्या नडगीवर लाथा मारत होता. एक लाथ. थोडं थांबून आणखी एक. तुमचा चेहरा जागचा हलत नव्हता. मी प्रत्येक लाथ शेवेसारखी चघळली.

सुटल्यावर मी मुदखेडवाली, म्हणून स्टेशनच्या दिशेनं चालत गेले. कोपऱ्यावरून वळून बसस्टँडकडे. तुमची कार तिथेच उभी होती, मागच्या काचेवर शाळेचं स्टिकर. पुढच्या रविवारी ते खरवडलेलं होतं. अर्धं निघालं होतं.

हात

डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. गुरुबसप्पांना नव्हतं. तुम्हाला होतं.

दिवाळीच्या आधीची पालकसभा. नरसिंगनं कुणाचा कंपास खिडकीतून फेकला होता, कुणाला जिन्यावर ढकललं होतं. करतो तो. मी नाही म्हणत नाही. तुम्ही त्याला स्टेजवर बोलावलंत. माइक तुमच्या हातात.

"ज्यांच्या ज्यांच्या मुलांना या मुलाचा त्रास झाला आहे, त्यांनी कृपया हात वर करा."

कृपया.

माझ्या शेजारच्या बाईचा हात वर गेला. तिचं पोर आमच्या खोलीवर येऊन दही-धपाटे खाऊन जायचं. मागे बघायचं माझं धाडस झालं नाही, पण बांगड्यांचा आवाज मागच्या रांगांमधून येत राहिला, अगदी दारापर्यंत. नरसिंग वरून ते सगळं बघत होता. मग तुम्ही माइकवरूनच मला म्हणालात, "बघा आई, हे मी म्हणत नाही. हे सगळे म्हणतायत."

बस्स. मी मेले नाही, तोही मेला नाही. तेव्हापासून नरसिंग अंथरूण ओलं करतो आणि मी भाकरी थापताना तुमचं काय करायचं ते ठरवते.

पहिली भाकरी: तुमच्या शाळेला कुलूप.

दुसरी भाकरी: तुम्ही रस्त्यात मला हाक मारता आणि मी ओळखत नाही.

तिसरी: करपली.

अदलाबदल

"आज मुलं बदलू," डॉक्टर म्हणाल्या. "पुढचे काही रविवार तुमचं मूल दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं तुमच्याकडे. दोघांनी मिळून एक काम करायचं. आपल्या मुलाला लांबून सूचना द्यायच्या नाहीत. कुणाला नको वाटलं तर कधीही थांबवा, मी विचारणार नाही का म्हणून."

"आमची कुनीबी घ्या," गुरुबसप्पा म्हणाले. "फकस्त बोटं सांभाळा."

भाग्यश्री तुमच्या मिस्टरांकडे गेली.

"आरतीताई, मुकुल तुमच्याकडे येऊ दे?"

मी हो म्हणाले. त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणाले. तुमचं पोर, माझ्या हातात, तुमच्या डोळ्यांसमोर. नवस बोलून असं मिळत नाही.

"मग नरसिंग सौदामिनीताईंकडे."

अदलाबदल दोन्ही बाजूंनी होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जनावरांच्या बाजारात बैलाला बैल बदलून आणणाऱ्या घरातली मी. तोवर नरसिंग उठून तुमच्या टेबलाकडे निघालाही होता. मॅडमकडे जा म्हटलं की तो जातो. मला तेव्हाच थांबवता आलं असतं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

मुकुल माझी ओढणी ओढत होता. मी त्याच्याकडे वळले.

शाबास

काम होतं भेळ करायचं. मुकुलनं मुरमुऱ्यांची पहिली मूठ माझ्या तोंडावर फेकली. मी पापणी हलवली नाही. दुसरी मूठ फेकली. तिसरी मूठ हवेतच थांबली, कारण कुणी काही म्हणत नव्हतं. मग ती परातीत पडली.

"शाबास मुकुल. मुरमुरे परातीत टाकलेस."

मी दुसऱ्याच कुणाला म्हणतेय की काय, म्हणून त्यानं मागे वळून बघितलं.

मग चिरलेला कांदा माझ्या पायावर ओतायचं त्यानं ठरवलं. मी पाय पुढे केला.

"मावशी, तुमच्या पायाची भेळ होईल."

"होऊ दे. लिंबू पिळ वरून."

तो हसला. लिंबू परातीत पिळलं.

"शाबास. बिया पण काढल्यास."

मॅडम, शाबास त्याला होती आणि माझे डोळे तुमच्यावर होते. गोफणीतून दगड सोडावा तशी एकेक शाबास मी तुमच्या टेबलाकडे सोडत होते, आणि तुमच्या मानेवरची शीर बघून कळत होतं की लागतेय. शेवटी त्यानं पहिला घास मला भरवला. आपल्या हातानं. त्याच हातानं तो तुमचे केस ओढतो, हे तुम्हीच सांगितलं होतंत.

"बघा, कसं गुनाचं लेकरू हाय," सासूबाई भिंतीपाशी बसून मोठ्यानं म्हणाल्या, तुमच्याकडे बघत. म्हणजे त्यांनीही तुम्हाला ओळखलं होतं. शाळेच्या फाटकापाशी रोज नरसिंगला न्यायला त्याच यायच्या.

त्याच वेळी, समोरच्या टेबलावर

हाताची घडी.

तोंडावर बोट.

तुम्ही सांगितलं नव्हतंत. तो बसला आणि आपोआप त्याचे हात तसे झाले. भेळ तुम्ही एकटीनंच केलीत. "नरसिंग, तिखट घालू?" मान. "चिंचेची चटणी?" मान. त्याची पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती.

"काय जादू केलाव, अक्का!" गुरुबसप्पा म्हणाले. "मागच्या ऐतवारी ह्यानं खुर्ची फेकलाय आनि आज बघा." त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या मिस्टरांनी वाजवल्या. आणि तुम्ही त्या घेतल्यात. मान जराशी झुकवून. बक्षीस समारंभात घेता तशा.

डॉक्टरांच्या कपाळावर मात्र आठी होती. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हा घरी पण असा बसतो का?"

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तिथेच सगळं थांबलं असतं. मुकुल गेला असता. तुमची ती शीर गेली असती.

"कधीकधी," मी म्हणाले.

तालीम

(परतीची एसटी. अहमदपूर मागे पडलेलं. नरसिंग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय. बाकी सगळं माझ्या मनात.)

मी: डॉक्टर, मला काही सांगायचं आहे.

तुम्ही: (पांढऱ्याफटक) आरतीताई, नको.

मी: ज्यांना ज्यांना या बाईचा त्रास झाला आहे, त्यांनी कृपया हात वर करा.

(सगळ्यांचे हात वर. मुकुलचे दोन्ही.)

तुम्ही: मी तुमच्या पाया—

सासूबाई: (मनातल्या नव्हे, शेजारच्या सीटवरच्या) काय पुटपुटून राहिलीस?

मी: काही नाही, आत्याबाई.

सासूबाई: पुढल्या ऐतवारी लेकराला तिच्यापाशी बसवू नको.

मी: एकदाच अजून. तिचं पोर माझ्याकडं वळून राहिलंय.

सासूबाई: तिच्या पोराचं काय करायचंय तुला? पाळायचंय?

मी: तिला दाखवायचंय.

सासूबाई: आन् ह्याला काय दाखवायचंय?

(त्यांचं बोट नरसिंगच्या केसांवर. मी खिडकीची काच सरकवते. ती सरकत नाही.)

पुढचा रविवार

नरसिंग पायरीवर थबकला. "आजपण मॅडमकडंच का?" त्यानं विचारलं. "थोडा वेळ," मी म्हणाले आणि त्याची कॉलर सारखी केली.

वर दार उघडताच मुकुलनं तुमचा हात झटकला. "मावशी!" तो ओरडला आणि माझ्या पोटावर येऊन आदळला. मॅडम, तो आवाज मी अजून जपून ठेवलाय.

त्या दिवशी पुठ्ठ्याचं घर करायचं होतं. मुकुलनं खिडक्या कापल्या, डिंक माझ्या कोपराला लावला, एकदा शिवी दिली, दोनदा सॉरी म्हणाला. मी शाबास म्हणत गेले. आता तर म्हणायचीही गरज नव्हती. तो माझ्या तोंडाकडे बघून पुढचं काम करत होता. अर्ध्या तासात मी तुमचा मुलगा तुमच्यासमोर सरळ करून दाखवला.

"चला, आता आपापल्या घरी," डॉक्टर म्हणाल्या.

मुकुलनं माझी ओढणी मुठीत गुंडाळली. "मी मावशीकडेच राहणार."

तुम्ही उठलात. हात पुढे केलात. "मुकुल, चल बेटा."

"तू नको. तू इथंच बेटा म्हणतेस. घरी म्हणत नाहीस."

 मग तुमचे मिस्टर बोलले. सर्वांसमोर, थकल्यासारखे. "सौदामिनी, शीक जरा यांच्याकडून."

यांच्याकडून. म्हणजे माझ्याकडून. पालकसभेतल्या तिसऱ्या रांगेतल्या बाईकडून. तुमच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि मी ते काठोकाठ भरेपर्यंत बघत राहिले. घाई केली नाही. एकीकडे मुकुलच्या केसांतून हात फिरवत होते.

म्हणून मला नरसिंगची करंगळी दिसली नाही.

शाळेत लघवीला जायचं असलं की करंगळी वर करतात. तोंडावरचं बोट न काढता, दुसऱ्या हाताची करंगळी वर धरून तो तुमच्या टेबलापाशी बसला होता. कधीपासून, कोण जाणे. तुमचं लक्ष मुकुलकडे होतं. माझं तुमच्याकडे.

"पाणी सांडलं," भाग्यश्री म्हणाली.

"चूप," गुरुबसप्पा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि खुर्चीखाली टाकला.

सासूबाई भिंत धरून उठल्या.

"बस्स झालं आता. डॉक्टरीनबाई, ही उदगीरची न्हाई आन् गृहिनीबी न्हाई. ही लातूरच्या शाळंची हेडबाई हाय. हिनं माझ्या लेकराला स्टेजवर हुबं करून लोकायला हात वर करायला लावले, आन् मंग शाळेतून काढलं. तवापसून ते असं हातरून ओलं करतंय. शांत बसलंय म्हून टाळ्या वाजवता व्हय? भेलंय ते. आन् आमी बी मुदखेडचे न्हाई. आमी बी लातूरचेच. घ्या."

मी इतके दिवस तालीम केलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. माझ्यासाठी काही ठेवलं नाही.

"अय्यो," गुरुबसप्पा म्हणाले. "दोघीबी लातूरच्याच? मग हितंवर कामून आलाव?"



डॉक्टर जाऊन नरसिंगशेजारी जमिनीवर बसल्या. "हे मला आधी कळायला हवं होतं. चुकलं माझं," त्या त्याला म्हणाल्या. "बोट काढलं तरी चालेल." त्यानं काढलं. "आधी कपडे बदलायचे, की तुला मॅडमना काही म्हणायचंय?"

"म्हणायचंय."

मी खुर्चीच्या टोकावर आले. बोल, माझ्या राजा. बापाच्या सगळ्या शिव्या येतात तुला, एकूण एक दे. आज कुणी ओरडणार नाही.

वर्गात उभं राहतात तसा तो उभा राहिला, ओल्या चड्डीत.

"मॅडम, मुकुललापण शाळेतून काढणार का?"

माझ्या हातातला मुकुलचा हात ताठ झाला.

"नाही," तुम्ही म्हणालात.

"का?"

तुम्ही डॉक्टरांकडे बघितलंत. त्या नरसिंगकडेच बघत होत्या. मिस्टरांकडे बघितलंत, ते पुठ्ठ्याच्या घराचं छप्पर बसवत होते. मग माझ्याकडे. 'नरसिंग, पुरे आता' एवढं मी म्हणावं, इतकंच तुम्हाला हवं होतं. एका आईनं दुसरीला द्यावं इतकंसं. मी दिलं नाही.

"का, मॅडम?"

"कारण," तुम्ही म्हणालात. आवाज शाळेतला नव्हता. "कारण तो माझा आहे."

हेच हवं होतं मला. दुसऱ्याचं असतं तर काढलं असतं, हे चारचौघांत, तुमच्या तोंडून. मी वाट बघितली, आता छातीतलं काहीतरी सुटेल म्हणून.

सुटला तो मुकुलचा हात. तो तुमच्याकडे निघाला. पळत नाही, हळू, पुन्हा एकदा ऐकू येतंय का ते बघत. आणि एवढा मोठा घोडा तुमच्या मांडीत जाऊन बसला. तुम्ही त्याला धरलंत तेव्हा कोण बघतंय हे बघितलं नाहीत. मी दोन रविवार खपून तुमच्यापासून तोडलेलं पोर तुम्हाला एका वाक्यात परत मिळालं, आणि ते वाक्य तुमच्यातून काढून दिलं माझ्या पोरानं. मला खुर्ची उचलून फेकावीशी वाटली.

नरसिंग माझ्याकडे वळला.

"मग तू मला त्यांच्याकडं का दिलीस?"

"आरतीताई," डॉक्टर म्हणाल्या, "हवं तर आपण हे नंतर—"

"नंतर कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "सांग की त्याला."

मी एखादं मुदखेड शोधलं. सापडलं नाही.

"त्या बाईला जळवायला," मी म्हणाले.

सगळे ऐकत होते. तुम्हीही. नरसिंगनं माझ्या बोलण्याचा नीट विचार केला. मग तुमच्याकडे बघितलं, बराच वेळ.

"मग जळल्या का?"

मीही बघितलं. तुमचं नाक लाल झालेलं, केसांचा क्लिप निसटलेला, मुकुलनं तुमच्या साडीला शेंबूड पुसलेला. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात.

"थोड्या," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. "दुसरी चड्डी दे."